शिट्टीच्या आधी

रायपूर,
बुधवार, १४ जानेवारी २०२६

प्रिय पायल,

सप्रेम जयभीम.

आम्ही सगळे बरे आहोत. आईचा खोकला कमी आहे, पण थंडीने तिचा गुडघा धरला आहे. आज ऑफिसात तिळगूळ वाटला, गोड बोला म्हणाले. मी दोन लाडू खाल्ले, पण गोड बोलणार नाही, हे आधीच सांगते.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. उचललास तरी तू हिंदीत भांडतेस आणि हिंदीत मी तुझ्यासमोर नेहमी हरते. इथे कागदावर मला मध्ये अडवणारं कोणी नाही. हे पत्र तुझ्या भाऊजींच्या हाती पाठवते आहे. मंत्रालयाच्या बसमधून उतरले की तुझ्या सेक्टरपर्यंत पायी येतील बिचारे, त्यांना चहा तरी पाज. त्यांचा ह्यात काही दोष नाही. त्यांना अजून ऑफसाइड कळत नाही.

आता रविवारचं. तुला हे सगळं माहीत आहे, तरी सांगते, कारण मैदानावर तू विसरल्यासारखी वागलीस. नागसेन क्लब आपल्या पाऱ्याचा, आपल्या मोहल्ल्याचा आहे. बाबा असताना रेल्वेच्या पोरांनी सुरू केला. त्याच मैदानावर तू पहिल्यांदा चेंडूला पाय लावलास. पोरगी खेळते म्हणून लोक हसले, तेव्हा लहानूकाका शिट्टी वाजवत मैदानाच्या मधोमध आले आणि म्हणाले, "ज्याले हसायचं त्यानं घरी जाऊन हसावं." आणि रविवारी त्याच लहानूकाकांच्या टीमला तू रेफरी होऊन प्लेऑफमध्ये बाहेर काढलंस.

आपलं नशीब तरी बघ. पहिल्या वर्षी पॉइंट सारखे, गोल सारखे, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या आणि चिठ्ठी समोरच्या टीमची निघाली. मागच्या वर्षी सामन्याच्या दिवशी गोलकीपरला कावीळ. आपला संघर्ष बिचारा फॉरवर्डला खेळणारा पोरगा, त्याला हातमोजे घालून गोलमध्ये उभा केला. ह्या वर्षी सगळं जुळून आलं होतं. लीगमध्ये आपण वरच्या नंबरवर, म्हणून सामना बरोबरीत सुटला तरी वरच्या डिव्हिजनमध्ये आपण जाणार होतो. एक-एक होतं. शेवटची मिनिटं चालली होती. बायका लाडू वाटायला पिशव्या उघडून बसल्या होत्या. आणि यशदीपने चेंडू हाताने अडवला म्हणत तू त्यांना पेनल्टी दिलीस, माझ्या पोराला लाल कार्ड दाखवलंस, आणि दोन-एक झालं.

पहिल्या हाफात संघर्षला समोरच्या अकादमी टीमच्या त्या लंब्या पोराने आडवा केला, तेव्हा तू हाताने 'ऊठ, ऊठ' केलंस. का? तेच त्यांच्या पोराला झालं असतं तर? आणि वेळ किती वाढवलीस! सगळं मैदान ओरडत होतं आणि तू मनगटाकडे बघत होतीस. रेफरीची परीक्षा पास झालीस म्हणून ते घड्याळ मीच तुला गोल बाजारातून आणून दिलं होतं. मला काय माहीत ते माझ्याच पोरावर चालेल.

चहाच्या टपरीवर रोज ह्याचीच पंचायत बसते. एक म्हणतो, "रेफरीनं दोन्हीकडं सारखंच केलं." दुसरा म्हणतो, "सारखं काहून करते? त्या दुसऱ्या पाऱ्याचे रेफरी आपल्या पोट्ट्याइले सांभाळून घेतात का नाही?" तिसरा म्हणतो, "अरे भैया, दीदी अब नवा रायपुर वाली हो गई है." ती अकादमी तिकडची, तूही तिकडे राहायला गेलीस, झालं, लोकांनी दोनात दोन मिळवले. लहानूकाका काही बोलत नाहीत. एकदाच म्हणाले, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." आणि ग्लास तसाच ठेवून उठून गेले. त्यांच्या तोंडून तुझ्याबद्दल हे ऐकावं लागलं, पायल. मला त्या बाकावर बसवलं नाही.

आईला कोणी काही म्हटलं नाही. पण ती नळावर गेली की बायका गप्प होतात. आई येऊन म्हणते, "माह्या पोटच्या दोन पोरींमधून मी कोणाची बाजू घेऊ?" मी म्हणते, तू खोकल्याचं औषध घे.

माझा राग खरं तर एका पेनल्टीचा नाही. आपल्या माणसाला खुर्ची मिळाली की तो पहिले आपल्यालाच नियम दाखवतो, ह्याचा राग आहे. आमच्या ऑफिसात पास काढायच्या टेबलावर आपल्याच पाऱ्याचा माणूस बसतो. दुसऱ्यांना बसवून घेतो, चहा विचारतो. मला एका झेरॉक्ससाठी तीनदा परत पाठवलं. का, तर कोणी म्हणू नये की आपल्यांचं केलं. ह्या 'कोणी म्हणू नये'चं ओझं आपल्याच लोकांनी का वाहायचं? बाकीचे बिनधास्त आपल्या माणसाचं करतात आणि त्यांना कोणी विचारत नाही. तुला पंच व्हायचं होतं, हो. पण पंच होण्यासाठी भाच्याला लाल कार्ड दाखवायलाच पाहिजे, असं कुठे लिहिलं आहे?

हाताबद्दल मी लिहिणार नाही. यशदीप म्हणतो, चेंडू छातीला लागला. टीमची सगळी पोरं तेच म्हणतात. मी कुठे उभी होते ते तुला माहीत आहे, त्यामुळे तेही लिहायची गरज नाही.

रविवारी विहारात बैठक आहे. क्लब लेखी तक्रार करणार आहे, आणि पुढच्या गुरुवारी, बावीस तारखेला, असोसिएशनची कमिटी दोन्ही बाजूंना बोलावणार आहे. तक्रार मान्य झाली तर सामना पुन्हा होईल आणि राज्याच्या रेफरी पॅनलमधून तुझं नाव जाईल. लहानूकाका म्हणाले की खेळाडूच्या आईची आणि रेफरीच्या सख्ख्या बहिणीची सही असली की तक्रारीला वजन येतं. दोन्ही मीच. मी सही करणार आहे, आणि ते तुला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून मी स्वतः सांगते आहे.

आई विचारते, स्वेटर घालतेस ना.

तुझ्यावर फार रागावलेली,
ताई


रायपूर,
सोमवार, १९ जानेवारी २०२६

पायल,

जयभीम. तू भाऊजींना चहा पाजलास, वर पोहे दिलेस, आईसाठी मलम दिलंस, आणि माझ्या चार पानांना उत्तर म्हणून एक ओळ पाठवलीस: "नाचता येईना अंगण वाकडं, असं तुझ्या क्लबला सांग." वा गं वा. माझा क्लब! काल-परवापर्यंत तुझा नव्हता वाटतं? तुझी ओळ वाचून मी कागदाचे तुकडे केले, मग आईने विचारलं काय लिहिलंय, तेव्हा सांगितलं की सगळ्यांना नमस्कार सांगितला आहे.

बैठक झाली. कशी झाली ते सांगते, मग तुला काय करायचं ते तू कर.

तुला माहीत आहे, विहारात कशाचीही बैठक असो, नळाची असो, जयंतीच्या मिरवणुकीची असो, आधी त्रिशरण-पंचशील होतं. आपल्याला त्याची इतकी सवय आहे की कोणाच्या डोक्यातच आलं नाही आज आपण कशासाठी जमलो आहोत. लहानूकाका पुढे उभे राहिले, हात जोडले आणि म्हणायला लागले. आम्ही सगळे त्यांच्या मागून. टीमची पोरंसुद्धा, यशदीप माझ्या उजव्या हाताला. चौथं शील आलं, मुसावादा वेरमणी. खोटं बोलण्यापासून दूर राहीन. मला शाळेत घालण्याच्याही आधी बाबांनी हे शिकवलं, आजवर हजारदा म्हटलं असेल. काल मी तिथे अडले. बाकीचे पाचव्यावर गेले, माझ्या तोंडातून चौथंच निघेना. मग मी नुसते ओठ हलवले, तेही खोटंच म्हण.

सगळे सतरंजीवर बसले आणि काकांनी अर्ज वाचला. दोन मुद्दे होते. एक, चेंडू खेळाडूच्या छातीला लागला, हाताला नाही. दोन, रेफरीच्या समोर खेळाडूंची गर्दी होती, तिला काही दिसत नव्हतं, तरी तिने पेनल्टी दिली. पेन पहिल्यांदा माझ्याकडे आलं.

"नीलिमा, पहिले तुही सही पाह्यजे बेटा," काका म्हणाले.

मी म्हटलं, "काका, हात होता."

"कोणाचा हात?"

"माह्या पोट्ट्याचा. मी गोलच्या मागंच उभी होती. त्याचं जॅकेट होतं माह्यापाशी."

मग संघर्ष उसळला, "मंग आठ दिवस काहून चूप होती, काकी?"

"चूप कुठं होती? तुमच्यासंग वरडून राहिली होती ना."

आणि ते खरं आहे. तू शिट्टी वाजवलीस तेव्हा सगळ्यांत आधी 'हाय हाय' मी सुरू केलं. माझ्या मागून बाकीच्या बायका ओरडल्या. तुझ्या कानापर्यंत माझा आवाज आला असणार, तुला तो गर्दीतही ओळखू येतो.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "पंचशील घेऊन बसलो आपण इथं. खोटी लाइन नाही धाडत मी." आणि पहिला मुद्दा त्यांनी स्वतःच्या हाताने खोडला. पोरं कुरकुरली, पण काकांसमोर कोण बोलणार. मला वाटलं संपलं. जीव इतका हलका झाला की रडू आलं.

मग काकांनी दुसऱ्या मुद्द्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "तू समोरून पाहून राहिली होती तिले. पायलले दिसलं का?"

पायल, तुला चार पानं शिव्या दिल्या, नशिबाचं लिहिलं, पासवाल्याचं लिहिलं, घड्याळाचं लिहिलं. सगळं लिहिलं आणि ज्याच्यासाठी बसले होते तेच लिहिलं नाही. आता लिहिते.

तुला दिसलं नव्हतं. तुझ्यासमोर तो लंबा पोरगा होता, त्याच्यापुढे संघर्ष. लाइन्समनचं निशाण खाली होतं. यशदीपने लाइनवर हात घातला, चेंडू त्याच्या पंजावरून खाली पडला, मी दोन हातांवर उभी होते. आणि मी जीभ चावली. दातांत धरली, डोळे मिटले, जशी दूध उतू गेल्यावर आई चावते तशी. डोळे उघडले तर तू माझ्याकडे बघत होतीस. पोरांच्या खांद्यांवरून, जाळीतून, थेट माझ्या तोंडाकडे. शिट्टी तुझ्या ओठांत होती, पण वाजली नव्हती. तू मला बघितलंस. मग वाजवलीस.

शिट्टीच्या आधी बघितलंस, पायल. नंतर नाही.

ह्याचा राग आहे मला. हाच एक राग आहे, बाकीचे सगळे मी त्याच्यावर पांघरायला आणले होते. लहानपणी बरणीतला गूळ कोणी खाल्ला ते तुला माझ्या तोंडावरून कळायचं. बाबा गेले तेही दवाखान्याच्या दारात तू मला न विचारता ओळखलंस. माझ्या चेहऱ्यावर काही टिकत नाही, हे जगात तुझ्याइतकं कोणालाच माहीत नाही. आणि ते तू मैदानावर वापरलंस! रेफरीला चेंडू दिसला नाही तर तिने खेळ चालू ठेवायचा, हे तूच मला शिकवलं आहेस, इथेच आपल्या ओट्यावर बसून. दिसेल त्याचीच शिट्टी, अंदाजाची नाही, असं म्हणायचीस. मग पोराच्या आईचं तोंड बघून वाजवलेली शिट्टी कुठल्या पुस्तकात आहे? माझ्या पोराला तू नाही बाहेर काढलंस, मला वापरून काढलंस. त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला मी तिथे उभी नव्हते. मी त्याचं जॅकेट धरून उभी होते.

निर्णय खरा होता. हे मी रोज स्वतःला सांगते आणि रोज आणखी चिडते. निर्णय खोटा असता तर मी तुझ्याशी दोन महिने बोलले नसते आणि मग आपोआप बोलले असते. आता काय करू?

काकांना मी एवढंच म्हटलं, "ते तिलेच विचारा." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावरून त्यांना काय कळलं कोण जाणे. म्हणाले, "हव." आणि दुसरा मुद्दा तसाच ठेवला. बाकीच्या सगळ्यांनी सही केली. मी केली नाही.

समजलं ना तुला? रविवार सकाळपर्यंत त्या अर्जात एक खोटी ओळ होती. कमिटीपुढे यशदीपला नाहीतर मला दोन उलटे प्रश्न विचारले असते तर तो अर्ज तिथेच फाटला असता आणि तुझं नाव पॅनलवर राहिलं असतं. मी खरं बोलले आणि त्यातली खोटी ओळ गेली. आता त्यात खरं तेवढंच उरलं आहे. तुझी शिट्टी मी वाचवायला गेले की घालवायला, मला अजून कळलेलं नाही.

घरी येताना यशदीप माझ्या पुढे चालत होता. विहाराच्या वळणावर थांबला आणि म्हणाला, "हाँ, रोका था हाथ से. सब रोकते हैं, मम्मी." मग म्हणाला, "पर मौसी को दिखा कैसे? उनके सामने तो वो लंबा खड़ा था." मी त्याला ओलांडून पुढे झाले. तेव्हा तो म्हणाला, "आप मेरी मम्मी हो कि रेफरी की बहन?" असा प्रश्न पोराने आईला विचारावा? एक थोबाडीत द्यावीशी वाटली. पण त्याचं तोंड अगदी रडकुंडीला आलं होतं, एवढा मिशा फुटलेला पोट्टा. त्याला सांगितलं, घरी चल, जेव. तो घरी आला, जेवला नाही. आज सकाळी डबासुद्धा नेला नाही. त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या जिभेवर आहे आणि ते दिलं तर तो तुझ्याकडे परत कधी येणार नाही. माझ्याकडेही येईल की नाही, सांगता येत नाही.

आणि हेही ऐकून घे. त्या दिवशी सामन्याआधी लाउडस्पीकरवर 'मुख्य रेफरी, पायल' म्हणून तुझं नाव घेतलं, तेव्हा अख्ख्या मैदानात मी एकटी उभी राहून टाळ्या वाजवत होते. बायका हसल्या. माझी बहीण आहे म्हटलं, हसा. मला तुझा इतका अभिमान वाटतो, पायल, की तू चोरून केलेलं बरोबर काम मला पचत नाही. तू उघड चूक केली असतीस तरी चाललं असतं.

गुरुवारी कमिटी तुला विचारेल, तुम्हाला काय दिसलं. हात दिसला असं सांगितलंस तर नाव राहील, शिट्टी राहील. लाइन्समन तुझ्याविरुद्ध बोलणार नाही, त्याने मान वळवलेली होती. दिसलं नाही असं सांगितलंस तर सामना पुन्हा होईल, यशदीप कदाचित खेळेल, पारा तुझ्या नावाने बोटं मोडणं थांबवेल, आणि तुझी शिट्टी जाईल. ह्यातलं काय सांग, असं मी तुला सांगणार नाही. मोठी बहीण म्हणून सांगायला पाहिजे, पण मला सांगता येत नाही. मला विचारलं तर मी पाहिलं ते सांगेन: हात होता. तू काय पाहिलंस ते तुझं तू.

मी येणार आहे. आईला घेऊन येते, ती ऐकत नाही, गुडघा दुखत असतानाही ऑटो ठरवून बसली आहे. आम्ही मागच्या बाकावर बसू. तुला बघून मी हसेन की रडेन की आणखी काय करेन, मला माहीत नाही. माझं तोंड माझ्या ताब्यात नाही, हे तुला माहीत आहेच.

म्हणून एक कर. ते प्रश्न विचारतील तेव्हा, उत्तर देण्याआधी, माझ्याकडे पाहू नकोस.

तुझी,
ताई